अष्टमीचे पाणी

ठाण्याच्या माणसाला मध्यरात्री उठवून विचारले तरी तो १६ एप्रिल १८५३ ही तारीख न अडखळता सांगतो. स्वतःच्या लग्नाची तारीख सांगताना त्याला बायकोच्या तोंडाकडे पाहावे लागते. ही तारीख मात्र जिभेवर. हिंदुस्थानातली प्रवाशांची पहिली आगगाडी त्या दिवशी बोरीबंदरहून निघाली ती आमच्या गावाला यायला, हा अभिमान आम्हाला बाळघुटीतूनच मिळतो. बाहेरची मंडळी ठाण्याचे नाव निघाले की वेड्यांच्या इस्पितळाची आठवण काढून हसतात. 'ह्याला ठाण्याला पाठवा' हे ऐकत आमच्या तीन पिढ्या वाढल्या. तेव्हा आपल्या बाजूने बोलायला एक आगगाडी तरी आहे, हे आमचे समाधान.

मी शाळामास्तर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, म्हणजे हल्लीच्या भाषेत दहावी. त्यावर चित्रकलेच्या मास्तरकीची पदविका. एवढ्या भांडवलावर परळकडच्या एका मराठी शाळेत गेली वीस-बावीस वर्षे मी मुलांच्या हातून डोंगर, सूर्य आणि नारळाची झाडे काढून घेत आलो आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन छापून झाल्या. त्या कोणी वाचल्या असतील तर त्या वाचकाने मला अजून गाठलेले नाही.

दरवर्षी एप्रिल आला की मी रंगीत खडूंनी फळ्यावर ती पहिली गाडी काढतो. पुढे तीन इंजिने, मागे चौदा डबे. चौदा डबे फळ्यावर मावत नाहीत, म्हणून शेवटचे चार दरवर्षी बोगद्यात घालावे लागतात. त्या मार्गावर बोगदा नव्हता हे मला ठाऊक आहे, पण फळ्यापुढे इलाज नसतो. उजव्या कोपऱ्यात ठाण्याची खाडी, आणि खाडीच्या काठावर दोन-तीन कोळी, तोंडात बोट घातलेले. हे कोळी वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढचे सगळे रामायण त्यांच्यावरूनच घडले.

त्या दिवसाची हकीकत पुष्कळांना माहीत असते, तरी सांगतो. ठाणेकराला ती सांगितल्यावाचून राहवत नाही. शनिवार होता. दुपारी साडेतीनच्या सुमाराला एकवीस तोफांची सलामी झाली आणि 'साहिब', 'सिंध' व 'सुलतान' ह्या तीन इंजिनांनी चौदा डबे आणि त्यांतली सुमारे चारशे निमंत्रित मंडळी ओढायला सुरुवात केली. अंतर एकवीस मैल. मैलाला एक तोफ असा हिशेब कोणी केला नसेल, पण लहानपणी मला तो तसाच वाटे. तासा-सव्वातासात गाडी ठाण्याला लागली. तंबू ठोकलेले होते, खानपान झाले, आणि संध्याकाळी मंडळी आली तशी मुंबईला परत गेली. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड ह्यांनी मात्र हा सोहळा पाहिला नाही. स्वारी आदल्याच दिवशी थंड हवेसाठी डोंगरावर गेली होती. एप्रिलातले ठाणे ज्यांनी सोसले आहे ते त्यांना दोष देणार नाहीत. सर जमशेटजी जीजीभॉय ह्यांनी तर लागलीच अख्खी गाडी स्वतःसाठी ठरवून घरच्या माणसांना ठाण्यापर्यंत फिरवून आणले. मद्रासकडे आणि रूडकीकडे दगडमाती वाहण्यासाठी रूळ त्याआधीही टाकले गेले होते. हेही मी वर्गात सांगतो, पण जरा हळू आवाजात.

ठाण्याचे टोकपण फार दिवस टिकले नाही. १ मे १८५४ रोजी गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली आणि टोकाचे स्टेशन एका वर्षात मधले स्टेशन झाले. घरात धाकटे भावंड आल्यावर थोरल्याचे व्हावे तसे. पुढे १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बरच्या मार्गाने कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली, आणि काही वर्षांत विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून कल्याणपर्यंत गेल्या. हे सारे मी टिपून ठेवीत असे, कारण माझी तिसरी कादंबरी त्या पहिल्या गाडीवर होती.

ती लिहायला मला घरी जागा नव्हती. चरईतले आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. त्यात माझे आईवडील, बायको, मुलगा आणि मुलाचा तबला. कादंबरी मी गाडीत लिहिली. ठाण्याहून सुटणारी धीमी गाडी ही ठाणेकरांची वडिलार्जित इस्टेट आहे. डोंबिवली-कल्याणची मंडळी जलद गाडीच्या दाराला लोंबकळत आमच्यापुढून जातात, आमच्याकडे हेव्याने पाहतात आणि आम्ही खिडकीपाशी बसून वही उघडतो. ठाणे ते परळ पाऊण तास. एवढ्यात एक पान होई. परतीच्या गाडीत पान होत नसे. परतीच्या गाडीत उभे राहायला मिळाले तरी सकाळचे पुण्य फळाला आले म्हणायचे. असे एक एक पान करीत २०११ पासून सहा वर्षांत पावणेतीनशे पाने झाली. अक्षर पाहून गाडी कुठे थांबली आणि कुठे हिसका बसला ते मला अजून ओळखता येते.

गाडीत लिहिणाऱ्याला स्टेशन फार जवळून दिसते. आमचे स्टेशन आता दहा फलाटांचे आहे. २००४ साली वाशीकडची गाडी सुरू झाली तेव्हा नऊ आणि दहा हे फलाट गजबजले, आणि ज्यांनी जन्मात बोरीबंदरखेरीज दुसरी दिशा पाहिली नव्हती ते ठाणेकर नव्या मुंबईत नोकऱ्या करू लागले. मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकल जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली तीही ह्याच मार्गावर. मे २०२४ च्या शेवटी पाचव्या फलाटाची रुंदी वाढवायला त्रेसष्ट तास वाहतूक रोखून धरली होती. दोन-तीन मीटर जागेसाठी तीन दिवस गावाची घडी विस्कटली, पण त्या फलाटावर ज्यांनी सकाळी आठला श्वास रोखून धरलेला आहे त्यांना त्या दोन-तीन मीटरांचे मोल विचारावे.

माझ्या लहानपणी तिकीट पुठ्ठ्याचे असे. खिडकीतला कारकून ते यंत्रात घालून खट् करून तारीख उठवी, आणि तो आवाज ऐकला की प्रवास सुरू झाल्यासारखे वाटे. आता तिकीट यंत्रातून निघते, नाहीतर फोनवरच उमटते, आवाज नाही. वजनाच्या काट्यातून निघणाऱ्या चिठ्ठीवर वजनाबरोबर भविष्य छापलेले असे, आणि माझ्या भविष्यात नेहमी परदेशगमन असे. मी वाशीच्या पुढे गेलेलो नाही. गाड्यांच्या पाटीवर कर्जतच्या गाडीला 'एस' आणि कसाऱ्याच्या गाडीला 'एन' का लिहितात, हे पाहुणे दर वेळी विचारतात. कल्याणला फाटा फुटून एक वाट दक्षिणेकडे झुकते व दुसरी उत्तरेकडे, म्हणून. हे सांगताना मला उगाचच विद्वान झाल्यासारखे वाटते.

असो. आता पिशवीकडे येतो.

जुलै २०१७. दादरला एका मित्राच्या पुस्तकाचा समारंभ होता. तो लांबला, मग चहा लांबला, मग गप्पा. भर पावसात धावत फलाटावर आलो तो ठाण्याची शेवटची गाडी हलायच्या बेतात. समोर जो डबा आला त्यात शिरलो. तो लगेजचा डबा होता. साधा पास घेऊन त्यात बसू नये हे मला माहीत आहे, पण रात्री साडेबाराला माणूस नियमांपेक्षा दांडीवर भरवसा ठेवतो. डबा रिकामा होता. माशांच्या पाट्यांचा वास तेवढा बसलेला. लाकडी बाकाच्या कोपऱ्यात पिशवी ठेवली, छत्री मांडीवर घेतली आणि मला झोप लागली. ठाण्याला कोणीतरी "उतरा, उतरा" म्हणून हलवले. मी दचकून उठलो, छत्री मात्र आठवणीने उचलली, आणि घरी आलो. दारात बायकोने विचारले, "पिशवी?"

पिशवीत कादंबरी होती. नक्कल नव्हती.

सकाळी उजाडताच स्टेशनमास्तरांच्या कचेरीत गेलो. तिथले गृहस्थ अत्यंत सभ्य निघाले. त्यांनी वही उघडली.

"काय हरवले?"

"पिशवी."

"पिशवीत काय?"

"मुलांच्या चित्रकलेच्या दोन वह्या. आणि एक कादंबरी."

"छापलेली?"

"नाही. हाताने लिहिलेली."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "किंमत?"

मी गप्प राहिलो. ते समजुतीने म्हणाले, "रकाना आहे म्हणून विचारतो." मी तरीही गप्प राहिलो. तेव्हा त्यांनी त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. "रेघ ओढली की किंमत सांगता येत नाही असा अर्थ होतो," ते म्हणाले. लेखनाची एवढी कदर तोवर माझ्या प्रकाशकानेही केली नव्हती.

त्यांनीच मला एक गोष्ट समजावून सांगितली, जी इतकी वर्षे गाडीत बसून मला कळली नव्हती. वेळापत्रकातली गाडी वेगळी आणि रुळावरची गाडी वेगळी. आपण 'आठ-बाराची' म्हणतो ते नुसते नाव. डबे आज ह्या नावाने धावतात, तासाभराने त्या नावाने. रात्री शेवटची म्हणून आलेली गाडी कुठेतरी चार घटका उभी राहते आणि पहाटे पहिली म्हणून परत निघते. मग दिवसभरात ती कुठे कुठे जाईल, आणि धुण्यापुसण्याला कळव्याच्या कारशेडात लागेल की कुर्ल्याच्या, हे नुसते डबे पाहून सांगता येत नाही. त्यांनी दोन्हीकडे फोन केले. पिशवी नव्हती.

म्हणजे माझी पिशवी पहाटेच्या पहिल्या गाडीने, लगेजच्या डब्यातून, मुंबईला गेली होती. आणि पहाटेच्या पहिल्या गाडीच्या लगेजच्या डब्यात कोण असते हे ठाण्यात कोणालाही विचारा. भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला निघालेल्या कोळणी.

मला पुढचे चित्र स्पष्ट दिसले. पावणेतीनशे कागद, दोन्ही अंगांनी लिहिलेले, निरुपयोगी. आणि समोर ओली मासळी. नंतरचे आठ दिवस मी बाजारात वेड्यासारखा हिंडलो. कोळीण बोंबील बांधून देई आणि मी बोंबलांकडे न पाहता आधी कागद उलगडून पाही. एकदा हाताने लिहिलेला कागद निघाला आणि माझे काळीज थांबले. कुणाच्या तरी गणिताच्या वहीचे पान होते. घरात त्या आठवड्यात चार वेळा मासळी झाली, तेवढा मुलगा खूश होता.

नवव्या दिवशी शाळेत फोन आला. मुलांच्या वह्यांवर शाळेचे नाव होते, त्यावरून. एका मुलीचा आवाज: "सर, तुमची पिशवी आमच्याकडे आहे. पण आजी म्हणते, घाई नसेल तर परवा या."

घाई नसेल तर! मी सुटीचा अर्ज टाकून अर्ध्या दिवसातच निघालो.

पत्ता चेंदणी कोळीवाड्याचा होता. माझ्या घरापासून चालत फार तर वीस मिनिटे. जन्म ठाण्यात गेला, पण मी त्या आळ्यांतून कधी गेलो नव्हतो. कोळीवाडा रुळांच्या दोन्ही अंगांना आहे, थोडा पश्चिमेला आणि थोडा पूर्वेला, मीठबंदराकडे. मधून गाड्या जातात. घर पूर्वेला होते. ओटीवर जाळे दुरुस्त करायला घेतलेले, आत भिंतीवर देव, आणि देवांच्या शेजारच्या खुंटीला, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, माझी पिशवी.

मावशी साठीच्या पुढच्या असाव्यात. अंगाने काटक, आवाज फलाटाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला पोचणारा. त्यांच्या बोलण्यात 'ळ'चा 'ल' होतो आणि 'ड' मऊ होऊन 'र' होतो. मला ते नीट लिहिता यायचे नाही, जमेल तसे लिहितो.

"तूच काय तो मास्तर? बस. अजून दोन दिस थांबला असतास तं पुरी झाली असती."

"काय पुरी झाली असती?"

"वाचून."

नववीतली नात लाजून म्हणाली, "रोज रात्री मी आजीला वाचून दाखवते. एकशे बेचाळीस पानं झाली. सर, तुमचं अक्षर फार वाईट आहे. काही ठिकाणी मी अंदाजानं वाचलं."

मी आयुष्यभर मुलांना सुवाच्य लिहा म्हणून ओरडत आलो आहे. पण त्या क्षणी मला तिच्या पाया पडावेसे वाटले. माझ्या कादंबरीची एकशे बेचाळीस पाने सलग ऐकणारे माणूस मी प्रथमच पाहत होतो, आणि ते तर पहाटे तीनला उठणारे.

"कशी वाटली?" मी विचारले. लेखकाने हा प्रश्न कधी विचारू नये.

"बरी हाय," मावशी म्हणाल्या. चहा आला. मग त्यांनी बोटे मोजायला सुरुवात केली. "तोफा मोजल्यास एकवीस. डबे मोजल्यास. सायबांच्या मडमांचे झगे काय रंगाचे व्हते ते लिवलंस. गारी आली कुठं? आमचे दारात आली. आनि आमी कवरे हाव तुज्या बुकात?" त्या नातीकडे वळल्या. "वाच गो ते."

नातीला पान पाठ होते. तिने वाचले: खाडीकाठचे कोळी तोंडात बोटे घालून हा चमत्कार पाहत राहिले.

"एवरंच," मावशी म्हणाल्या. "आनि तोंडात बोट कशाला घालतील रं? बोटाला मासलीचा वास."

ह्यावर मला उत्तर नव्हते. वीस वर्षे मी ते बोट फळ्यावर काढीत होतो. मुलांनाही त्यात काही खटकले नव्हते. खटकायचे कसे, चित्र मास्तरांनी काढलेले.

त्यांच्यात गाडीची एकच गोष्ट सांगतात. त्यांच्या आजेसासूने आपल्या आजेसासूकडून ऐकलेली. तीत इंजिन नाही, तोफ नाही. तीत एवढेच आहे की रूळ पडले आणि माहेर पल्याड गेले. सकाळी पाणी आणायला गेलेली बाई आईला भेटून येई, तिला आता दोन लोखंडी पट्ट्या ओलांडाव्या लागत, आणि मधे एक रखवालदार उभा. "तवापासून," मावशी म्हणाल्या, "आमची बाई रूल वलांडताना दोनी बाजूला बगते. तुमची बगत नाय." मी लिहून घ्यायला कागद शोधू लागलो, तर सगळे कागद माझ्याच कादंबरीने भरलेले.

निघताना त्यांनी दारात विचारले, "गारी आली तवा भरती व्हती का ओहोटी?"

"कधी?"

"तुजी ती पैली गारी."

मला माहीत नव्हते. मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हते.

"तिथी कंची व्हती?"

तेही माहीत नव्हते. तारीख पाठ, वार पाठ, इंजिनांची नावे पाठ. तिथी मला कोणी शिकवली नव्हती आणि मीही कोणाला विचारली नव्हती.

पिशवी घेऊन घरी आलो. तिला बोंबलांचा वास येत होता, अजून येतो. बायको म्हणाली, उन्हात टाक. मी टाकली नाही.

पंचांगाचे गणित जाणणारे एक स्नेही आहेत. त्यांनी दोन संध्याकाळी आकडेमोड केली आणि सांगितले: चैत्र शुद्ध. सकाळी सप्तमी होती, पण दुपारपूर्वीच अष्टमी लागली. गाडी ठाण्याला आली ती अष्टमीत. मी ही बातमी घेऊन कोळीवाड्यात गेलो, परीक्षेचा निकाल घेऊन जावे तसा. मावशी कोलंबी सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आठाची पावनपट सहा."

हे गणित ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो; मलाही ते चाळिशीच्या उंबरठ्यावर कळले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला पाणी चढते ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे पाण्याला जोर नसतो, त्याला भांग म्हणतात. घड्याळ नसलेल्या माणसांनी हे गणित किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या तोंडी चालवले.

"सांजच्याला सहाची भरती," मावशी म्हणाल्या. "तुजी गारी आली पावनेपाचला. म्हंजे पानी भरत व्हतं. भरत्या पान्यावर होऱ्या वर येतात. आमचे बाप्ये काठावर कुठले? ते होरीत. घरी याया निघाले असतील." मग प्रथमच त्यांचे हात थांबले. "पान्यावरून बगितली त्यांनी गारी."

मी त्या रात्री कादंबरीची पहिली चाळीस पाने काढून ठेवली. फाडली नाहीत, मास्तर कागद फाडत नाही, पाठकोरे म्हणून वापरतो. पण ही पाने पाठकोरीही नव्हती. त्यांतल्या तोफा, तंबू, झगे सगळे खरे होते, पुस्तकांतून तपासून घेतलेले. गव्हर्नरसाहेब हजर नव्हते, तरी त्यांच्यावर माझी चार पाने होती. होडीतून घरी येणाऱ्या माणसावर एक ओळ, तीही खोटी.

नवे पहिले प्रकरण लिहायला मला चार वर्षे लागली. होडीत बसून लिहायचे तर होडी माहीत हवी. मावशींच्या दिराबरोबर मी तीनदा खाडीत गेलो आणि तिन्ही वेळा मला उलटी झाली. खाडीत आता मासळी पूर्वीसारखी राहिली नाही, पाणी काळे झाले आहे. दीर म्हणाले, आता जातो ते सवय मोडवत नाही म्हणून. पाण्यावरून स्टेशन कसे दिसते ते मात्र पाहून घेतले. आवाज आधी येतो, गाडी मागून.

मध्ये २०२० साल आले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर गाड्या बंद झाल्या. चरईत रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मला गाड्यांचे भोंगे ऐकू येत. ते थांबले तेव्हा झोप लागेना. मी मोबाईलपुढे बसून मुलांना डोंगर आणि सूर्य शिकवीत होतो. जूनमध्ये आवश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या. मासळी विकणे त्या यादीत नव्हते. २१ ऑक्टोबरपासून बायकांना परवानगी मिळाली, आणि मी आनंदाने मावशींना फोन केला.

"किती वाजता जाया देतात?" त्यांनी विचारले.

"सकाळी अकरा ते तीन. मग संध्याकाळी सातनंतर."

पलीकडून हसू आले. "अकराला धक्क्यावर काय मिलंल? बरफ."

अकरा बायका मिळून टेम्पो करीत होत्या. भाडे दसपट, आणि टेम्पोला उशीर झाला की बाजार गेला. "गारी बंद तं दर्या लांब," एवढेच त्या म्हणाल्या. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत मुभा मिळाली. त्या दिवशी पहाटे मी मुद्दाम स्टेशनात गेलो. थंडी होती. जिन्याखाली पाट्या मांडलेल्या, बायका तोंडाला फडकी बांधून बसलेल्या. गाडी लागली तेव्हा कोणी आरडाओरडा केला नाही. मावशींनी पाटी चढवली, स्वतः चढल्या आणि दाराच्या दांडीवर दोनदा हात फिरवला, गोठ्यात शिरताना म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला पाहिले आणि ओरडल्या, "लिवलं का?"

लिहिले नव्हते. त्यानंतरही वर्षभर त्या तेच विचारीत राहिल्या, आणि मी उद्या म्हणत राहिलो. माझ्या वर्गातली मुले मला जी उत्तरे देतात ती सगळी मी मावशींना दिली.

प्रकरण अखेर झाले. होडी आहे, भरते पाणी आहे, आधी आवाज आणि मागून गाडी आहे. होडीत दोन भाऊ आहेत. थोरला वल्हे थांबवतो, धाकटा म्हणतो, मार, भांगाचे पाणी आहे, आपल्याला घरी नेणार नाही. तंबूंतली मंडळी त्यांना दिसतात ती ठिपक्यांसारखी. अशी चौदा पाने. आता कोणाला दाखवायची हा प्रश्न नव्हता.

नात आता नोकरीला लागली आहे, वाशीला. रोज नऊ नंबरच्या फलाटावरून जाते. म्हणून वाचायला मीच गेलो. पहिल्या गाडीच्या अर्धा तास आधी, फलाटावरच्या बाकावर. मावशी पाटीवर हात ठेवून बसल्या. शेजारच्या तिघी-चौघी जवळ सरकल्या. एक हमाल उभा राहिला. मी शाळेत वाचतो तसा मोठ्याने वाचू लागलो, मग हळू वाचू लागलो. कोणी मधे बोलले नाही. संपले तेव्हा मावशी काही वेळ रुळांकडे पाहत होत्या.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. मी पाने मिटू लागलो. "थांब. होरीत टोपल्या भरलेल्या लिवल्यास तू."

"हो."

"अष्टमीच्या भांगाला टोपली भरत नाय. अर्धी लिव."

मी पेन शोधेपर्यंत गाडी फलाटाला लागली. पाट्या चढल्या, बायका चढल्या, डबा हलला. मी बाकावर बसूनच 'भरलेल्या' खोडले आणि वर 'अर्ध्या' लिहिले, आणि उठताना पिशवी आधी उचलली, छत्री मागून.